क्रियापदांचे जेवण : तुर्कस्तानातील आठ दिवस

ताईने तुर्कस्तानला यायचे कबूल केले ते एकाच अटीवर, की संग्रहालये कमी आणि स्वयंपाकघरे जास्त पाहायची. गेली पंचवीस वर्षे ती पुण्यात ऑर्डरप्रमाणे दिवाळीचा फराळ करून देते, त्यामुळे कोणताही पदार्थ समोर आला की तो तोंडात जाण्याआधी तिची बोटे त्याची जाडी, कड आणि मोहन तपासतात. ती शाकाहारी आहे आणि मी नाही. तेव्हा दोघींमध्ये मिळून कोणतेही ताट संपेल, असा हिशेब आम्ही निघतानाच केला होता. एक चूक सोडली तर तो खराही ठरला, आणि ती चूक दुसऱ्याच दिवशी झाली.

पहिला दिवस : इस्तंबूल

इस्तंबूलची पहिली न्याहारी आम्ही एमिनोन्यूच्या धक्क्यावर, उभ्याउभ्याच केली. काचेच्या हातगाडीत तिळाने मढवलेली कडी रचून ठेवलेली असतात. त्यांना सिमित म्हणतात. आंबवलेल्या कणकेचे दोन लांब वळ एकमेकांत पिळून त्याचे कडे जोडतात, ते पातळ केलेल्या पेकमेझमध्ये, म्हणजे द्राक्षांच्या रसाच्या काकवीत, बुडवतात, मग तिळात घोळवून भट्टीत भाजतात. तीळ इतके चिकटून का राहतात आणि कड्याला तो तांबूस रंग कुठून येतो, या ताईच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर त्या काकवीत होते.

सोबत अर्थातच चहा. तो इथेही 'चाय'च आहे, पण दूध नाही. एकावर एक बसणाऱ्या दोन किटल्यांपैकी खालच्या किटलीत पाणी उकळत असते आणि वरच्या किटलीत कडक अर्क मुरत असतो. गिऱ्हाइकाला हवा तितका गडद किंवा फिका चहा कमरेशी बारीक असलेल्या काचेच्या छोट्या पेल्यात ओतून देतात. दरडोई चहा पिण्यात जगात आघाडीवर असलेल्या या देशात चहाची मोठी लागवड प्रजासत्ताकाच्या काळात, काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात सुरू झाली. त्यापूर्वीची काही शतके मान होता तो कॉफीला.

दुपारी एका 'एसनाफ लोकांतासी'त गेलो. आपल्याकडे बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत व्यापारी-कारागिरांची खानावळ असते, तशीच ही. मेन्यूकार्ड नव्हते, काचेपलीकडे वाफाळत्या ट्रेमध्ये सगळे पदार्थ मांडलेले होते आणि गिऱ्हाइकाने बोट दाखवायचे. ताईने लांबूनच एक ट्रे ओळखला आणि म्हणाली, "अगं, ही तर भरली वांगी!" तो 'इमाम बायिल्दी' होता. वांगे अर्धवट सोलून, चिरून, ऑलिव्ह तेलात मऊ करून त्यात परतलेला कांदा, लसूण आणि टोमॅटो भरलेला असतो, आणि तो गार झाल्यावर वाढतात. नावाचा अर्थ 'इमामाला भोवळ आली'. ती चवीने आली की बायकोने ओतलेल्या तेलाचा खर्च ऐकून आली, याबद्दल लोकांत दोन कथा आहेत. ताटाच्या तळाशी साचलेले तेल पाहता मला दुसरी अधिक पटली. याच वांग्यात खिमा भरला आणि गरम वाढले की त्याचे 'कार्नियारिक', म्हणजे 'पोट चिरलेले', होते.

शेजारच्या ट्रेमध्ये भात भरलेल्या मिरच्या आणि द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या होत्या. पहिल्या पदार्थाला दोल्मा म्हणतात, कारण 'दोल्माक' म्हणजे भरणे. दुसऱ्याला सार्मा, कारण 'सार्माक' म्हणजे गुंडाळणे. इथे पदार्थाचे नाव त्यात काय घातले आहे हे सांगत नाही, हाताने काय केले हे सांगते, असे माझ्या लक्षात आले आणि मी तिथल्याच कागदी रुमालावर एक यादी सुरू केली. ती यादी शेवटपर्यंत वाढत गेली.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगून टाकते. 'मेर्जिमेक चोर्बासी' हे मसुराच्या डाळीचे, वरून लिंबू पिळून खायचे सार दिसायला निर्मळ शाकाहारी असते, पण ते पुष्कळदा हाडांच्या पाण्यात शिजवतात. 'एत्सिझ' म्हणजे बिनमांसाचे, आणि 'एत सुयू' म्हणजे मांसाचे पाणी. हे दोन शब्द ताईने पाठ केले आणि पुढे प्रत्येक गावात वापरले.

दुसरा दिवस : इस्तंबूल

न्याहारीला तुर्की भाषेत 'काह्वाल्ती' म्हणतात, म्हणजे कॉफीच्या आधी पोटात घालायचे ते. आमच्या टेबलावर एकामागून एक अशा चौदा बश्या आल्या: पांढरे खारे चीज, काळी व हिरवी ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, तीन मुरंबे, मध आणि कायमाक. कायमाक म्हणजे म्हशीच्या किंवा गाईच्या दुधावरची जाड, गुंडाळता येईल अशी साय. ती मधाबरोबर पावाला लावून खाल्ली आणि मग 'मेनेमेन', म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या रश्शात विरघळलेली अंडी, मी एकटीने संपवली.

तोपकापी राजवाड्यात आम्ही सरळ मुदपाकखान्याकडे गेलो. १५७४ च्या आगीनंतर वास्तुविशारद सिनान याने बांधलेली धुराड्यांची ती लांबलचक रांग समुद्रावरूनही दिसते. आत राक्षसी आकाराच्या काझानी, म्हणजे हंडे, मांडून ठेवल्या आहेत. सुलतानाच्या जानिसारी फौजेत पलटणीच्या अधिकाऱ्याला 'चोर्बाजी', म्हणजे सार करणारा, असा हुद्दा होता आणि फौजेने आपली काझान उपडी केली तर तो बंडाचा इशारा समजत. दर रमजानच्या पंधराव्या दिवशी सुलतानाकडून याच फौजेला बकलाव्याच्या परातींचे वाटप होई आणि त्या मिरवत बराकीत नेल्या जात. १८२६ मध्ये जानिसारींचे दल मोडून काढण्यात आले, आणि ती मिरवणूकही त्यांच्याबरोबर गेली.

सतराव्या शतकातील मसाल्यांच्या बाजारात ताई फार रमली नाही. हळद, जिरे, दालचिनी यांच्या राशींकडे पाहून तिने "हे आपल्याकडेच घेऊ" एवढाच शेरा मारला. मात्र सुमाक या आंबट, जांभळट फळाच्या भरडीची तिने जिभेवर नोंद घेतली, कारण कोकम आणि आमचूर यांच्या मधली ही चव तिला नवी होती.

चूक झाली ती संध्याकाळी. दुधाच्या गोड पदार्थांच्या एका दुकानात ताईने पांढऱ्याशुभ्र, चिकट, वर दालचिनी भुरभुरलेल्या पुडिंगवर बोट ठेवले. दुधाचा पदार्थ, त्यात विचारायचे काय, म्हणून 'एत्सिझ' हा शब्द प्रथमच वापरला गेला नाही. चार चमचे झाल्यावर तिने त्याच्या बारीक तंतूंचे रहस्य वाढप्याला विचारले, आणि त्याने आनंदाने आपल्या छातीवर हात ठेवून कोंबडीचा आवाज काढला. तो पदार्थ 'तावुक ग्योसू', म्हणजे कोंबडीची छाती. कोंबडीचे मांस उकडून, केसासारखे पिंजून, ते धुऊन दूध, साखर आणि तांदळाच्या पिठात शिजवतात. ऑटोमन राजवाड्यात हे पक्वान्न मानले जाई. ताई काही बोलली नाही. तिने चमचा बशीत आडवा ठेवला, दोन पेले पाणी प्यायली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. चूक माझी होती, कारण नाव मी वाचले होते आणि 'तावुक' हा शब्द मला ठाऊक होता. तिथलेच 'काझानदिबी', म्हणजे हंड्याचा तळ, हे तळाला मुद्दाम लागू दिलेले पुडिंग तिला मी दाखवणार होते, कारण बासुंदीच्या पातेल्याची खरवड आमच्या घरी तिच्याच वाटणीची असते. पण तोच पदार्थ काही ठिकाणी कोंबडी घालून करतात, असे कळल्यावर तो बेत मनातच ठेवला.

रात्री समेट झाला तो कॉफीवर. पिठासारखी बारीक दळलेली पूड, पाणी आणि साखर लांब दांड्याच्या छोट्या तांब्याच्या 'जेझवे'त एकत्र तापवतात. फेस वर आला की तो आधी पेल्यात वाटून घेतात आणि मग उरलेली कॉफी ओततात. गाळण नाही, गाळ खाली बसेपर्यंत थांबावे लागते. या कॉफीची परंपरा २०१३ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. एका पेला कॉफीची आठवण चाळीस वर्षे राहते, अशी तुर्की म्हण आहे. ताई म्हणाली, "आणि त्या कोंबडीची?"

तिसरा दिवस : बुर्सा

मार्मारा समुद्र बोटीने ओलांडून मुदान्याला उतरलो आणि तिथून बुर्सा गाठले. १३२६ मध्ये ऑटोमनांनी जिंकून आपली राजधानी केलेल्या या शहरात रेशमी कोषांच्या व्यापारासाठी १४९१ मध्ये बांधलेली कोझा हान ही सराई आजही बाजार म्हणून वापरात आहे, आणि तिच्या चौकातील झाडांखाली बसून चहा पिता येतो.

मी आले होते ती इस्केंदर कबाबासाठी. 'दोनेर' हा शब्द 'दोनमेक', म्हणजे फिरणे, या क्रियापदावरून आला. उभ्या सळईवर मांसाचे थर रचून ती निखाऱ्यांसमोर फिरवत ठेवायची आणि बाहेरचा भाजलेला पापुद्रा तेवढा लांब सुरीने उतरवत राहायचे. आडवी सळई उभी करण्याचे श्रेय बुर्सात एकोणिसाव्या शतकातील इस्केंदर एफेंदी यांना देतात, आणि पदार्थाला नावही त्यांचेच आहे. इतर शहरांना हा दावा मान्य नाही. वाद बाजूला ठेवला तरी फिरणे मात्र सगळीकडे गेले: अरबांचा शवरमा 'चेविर्मे', म्हणजे फिरवणे, या तुर्की शब्दावरून आला, आणि ग्रीकांच्या गिरोसचा अर्थही तोच आहे.

इस्केंदर म्हणजे नुसता दोनेर नव्हे. खाली जाड पावाचे चौकोनी तुकडे, त्यावर मांसाचे पापुद्रे, त्यावर टोमॅटोचा रस, कडेला दह्याचा गोळा. आणि ताट समोर आल्यावर वाढपी छोटे कढले घेऊन येतो व चरचरत्या लोण्याची धार सगळ्यांवर सोडतो. खालचा पाव हा सगळा ऐवज शोषून घेतो आणि खरा पदार्थ तोच आहे, असे माझे मत झाले. ताईने दही, पाव आणि लोणी असा वेगळा इस्केंदर करून खाल्ला. दह्याबद्दल तिची तक्रार नव्हती. युरोपभर गेलेला 'योगर्ट' हा शब्द मुळात तुर्की आहे आणि घट्ट होणे या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते आहे, हे मी तिला सांगितल्यावर ती म्हणाली की विरजणेसुद्धा क्रियापदच आहे.

चौथा दिवस : रस्त्यावर

बुर्साहून कोन्यापर्यंत जवळजवळ सगळा दिवस बसमध्ये गेला. गाडीतला मदतनीस चहा, बिस्किटे आणि हातावर लिंबाच्या वासाचे कोलोन्या देत फिरत होता. वाटेतल्या थांब्यावर एक बाई बसकणीवर बसून काठीएवढ्या बारीक लाटण्याने कागदासारखी पोळी लाटत होती. पालक आणि चीज भरून ती दुमडून तव्यावर भाजली की 'गोझलेमे' होते. ताई तिच्याशेजारी जाऊन बसली आणि बस सुटेपर्यंत उठली नाही.

पाचवा दिवस : कोन्या

१२७३ मध्ये निवर्तलेल्या मौलाना जलालुद्दीन रूमींची समाधी पाहायला जगभरातून लोक कोन्यात येतात. त्यांच्या आश्रमातली जी जागा आम्हाला पाहायची होती तीही स्वयंपाकघरच होती. मेवलेवी पंथात येणाऱ्या नवशिक्याला १००१ दिवस सेवा करावी लागे आणि ती मुदपाकखान्यातून सुरू होई; आधी तीन दिवस त्याने दाराशी कातड्याच्या आसनावर बसून नुसते काम चाललेले पाहायचे आणि हे आपल्याला झेपेल का ते ठरवायचे. प्रसिद्ध गिरकी नृत्याचा सराव करण्याची फळीसुद्धा तिथेच असे.

मेराम भागात आतेशबाझ वेली यांची लालसर दगडाची कबर आहे. ते या आश्रमाचे आचारी होते आणि १२८५ मध्ये वारले. सरपण संपले तेव्हा त्यांनी हंड्याखाली आपले पाय सरकवले आणि बोटांतून ज्वाळा निघाल्या, अशी कथा सांगतात. येणारी माणसे तिथून चिमूटभर मीठ घरी नेतात, म्हणजे स्वयंपाकघरात बरकत राहते. ताईने चपला काढल्या, हात जोडले आणि मीठ पदराच्या टोकाला बांधले. स्वयंपाक्याच्या कबरीपुढे नमस्कार करायची संधी आपल्याला आजवर मिळाली नव्हती, असे ती म्हणाली.

दुपारी लाकडी पाटावरून 'एतलि एकमेक' आले: हातभर लांब, पातळ, खिमा पसरून भट्टीत भाजलेली रोटी. पण माझ्या लक्षात राहिले आहे ते भेंडीचे सार. नखाएवढ्या भेंड्या दोऱ्यात माळेसारख्या ओवून वाळवतात आणि लिंबू घालून त्यांचे आंबट 'बाम्या चोर्बासी' करतात. कोन्यातील लग्नाच्या पंगतीत ते दोन जड पदार्थांच्या मधे वाढतात. लिंबाने चिकटपणा पार गेलेला असतो. त्यात मांसाचे तुकडे असल्याने ताईला ते चाखता आले नाही, पण बाजारात भेंडीच्या माळा पाहिल्यावर तिने दोन विकत घेतल्या आणि बिनमांसाचे सार घरी करू असे जाहीर केले. तिथल्या दुकानदार बाई तिला 'आब्ला' म्हणाल्या. आब्ला म्हणजे ताई, हे मी सांगितल्यावर तिने तिसरी माळही घेतली.

सहावा दिवस : कायसेरी

कोन्याहून पूर्वेकडे चार-पाच तासांनी एर्जियेस पर्वताचे ३,९१७ मीटर उंचीचे हिमशिखर दिसू लागते. त्याच्या पायथ्याशी कायसेरी आहे आणि कायसेरीची ओळख मान्ती ही आहे.

एका छोट्या भोजनालयात खिडकीशी तीन बायका मान्ती वळत बसल्या होत्या आणि मालकिणीने आम्हाला जवळ बसू दिले. कणकेची पातळ पोळी लाटून तिचे बोटाच्या पेराएवढे चौकोन कापतात, प्रत्येकावर मसुराएवढा खिमा ठेवतात आणि चारही टोके वर उचलून चिमटीत दाबून एकत्र आणतात. एका चमच्यात चाळीस मान्ती मावल्या पाहिजेत, असे इथे म्हणतात. पूर्वी सुनेचा हात यावरून जोखत. ताईने थोडा वेळ पाहिले आणि मग न विचारता एक चौकोन उचलला. बोटवे, नखुले, मालत्या, गव्हले यांवर तिचे बालपण गेले आहे. रुखवतात मांडायच्या वस्तू आमच्या आजीने तिच्याकडून करून घेतल्या होत्या. तिसऱ्या मान्तीला तिची चिमटी जमली. चौथी मान्ती शेजारच्या बाईंनी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, आपल्या परातीत टाकली आणि त्या म्हणाल्या, "एलिनिझे साअलिक." हाताला आरोग्य लाभो, असा त्याचा अर्थ आहे; स्वयंपाक करणाऱ्याला हेच म्हणायचे असते. तिने भरलेल्या मान्तीत मांस होते हे तिच्या नंतर लक्षात आले. तिने हात धुतले, पण या वेळी ती रागावली नाही.

उकडलेल्या मान्तीवर लसूण घातलेले दही, त्यावर लाल मिरचीची फोडणी दिलेले लोणी, वाळलेला पुदिना आणि सुमाक घालतात. दही गार आणि मान्ती गरम, हे एका चमच्यात येणे हीच त्यातली गंमत आहे.

सातवा दिवस : कायसेरी ते गाझीआंतेप

बस सुटण्यापूर्वी पास्तिर्माची दुकाने पाहिली. 'बास्तिर्माक' म्हणजे दाबणे. बीफचे मोठे तुकडे मिठात मुरवून, वजनाखाली दाबून, वाऱ्यावर वाळवतात आणि वर मेथी, लसूण व लाल मिरची यांच्या वाटणाचा जाड लेप देतात. दुकानभर मेथीचा वास होता. ताई दारातच थांबली आणि म्हणाली की डोळे मिटले तर लोणच्याच्या दुकानात आल्यासारखे वाटते.

आंतेपला पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात इथल्या जुन्या किल्ल्याच्या तटाची मोठी पडझड झाली होती. त्या किल्ल्याच्या सावलीतील तांबटांच्या आळीत मात्र ठोक्यांचा आवाज सुरू होता. बाजारात वांग्यांची आणि मिरच्यांची पोकळ, वाळवलेली कवचे माळा करून टांगलेली होती. हिवाळ्यात ती पाण्यात भिजवून त्यांचा दोल्मा करतात. २०१५ मध्ये युनेस्कोने पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून या गावाची निवड केली, पण त्याची पाटी शोधावी लागली नाही, कारण प्रत्येक दुसऱ्या दारातून काहीतरी भाजल्याचा वास येत होता. रात्री 'यूवालामा' खाल्ले. तांदूळ आणि मांसाच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या दह्याच्या सारात सोडलेल्या असतात. ईदेच्या आदल्या दिवशी घरातल्या आणि शेजारच्या बायका जमून त्या वळतात. नाव अर्थातच वळण्यावरून आले आहे. कागदी रुमालावरील यादीत ही अकरावी नोंद होती.

आठवा दिवस : गाझीआंतेप

पहाटे मी एकटी 'बेयरान' प्यायला गेले. कोकराच्या मांसाचे तंतू, भात, लसूण आणि लाल मिरची घातलेले हे सार उघड्या, भडकत्या आचेवर वाटीसकट उकळवून देतात. कामावर निघालेली माणसे न बोलता ते संपवत होती आणि नाक पुसत होती. परत येऊन ताईबरोबर तिची न्याहारी केली, ती कातमेरची. कणकेचा गोळा हवेत झुलवत, संगमरवरी ओट्यावर आपटत इतका पातळ पसरतात की त्यातून खालचा ओटा दिसतो. त्यात पिस्ते, साखर आणि कायमाक घालून घडी करतात व भाजतात. खानदेशात उपड्या खापरावर टाकण्याआधी हातांवर मांडे पसरतात, तशीच ही कसरत.

सकाळचा उरलेला वेळ बकलाव्याच्या कारखान्यात गेला. आतल्या खोलीत धुके पडल्यासारखे दिसत होते. ते गव्हाच्या सत्त्वाचे होते. कारागिरांना इथे 'उस्ता' म्हणतात, आपला तालमीतला वस्ताद तोच. ते दहा-दहा पोळ्या एकावर एक ठेवून, प्रत्येकीमध्ये सत्त्व भुरभुरून, ओक्लावा नावाच्या लांब, बारीक, सरळ लाटण्याने एकदमच लाटतात. सत्त्वामुळे पोळ्या चिकटत नाहीत आणि शेवटी प्रत्येक पोळी कागदाहून पातळ होऊन वेगळी सुटते. परातीत अशा सुमारे चाळीस पोळ्या, त्यांच्या मध्यावर कोवळेपणीच तोडलेल्या हिरव्यागार आंतेपी पिस्त्यांचा थर, वरून साजूक तूप. भट्टीतून निघाल्याबरोबर उकळता पाक. पाक पडताच परातीतून पावसासारखा आवाज येतो. आंतेपच्या बकलाव्याला २०१३ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ते मिळवणारा हा पहिला तुर्की पदार्थ होता. खाण्याची रीत उस्तांनी दाखवली: तुकडा उलटा करून तळाची बाजू टाळूला लावायची, आणि दात लागताच कुरकुर ऐकू आली पाहिजे.

ताईने तुकडा आधी कानाशी मोडला. मग तिने खुणांनी विचारले की सत्त्वाऐवजी तांदळाचे पीठ आणि तूप फेसून लावले तर चालेल का, कारण चिरोट्यांना ती तोच साटा लावते. उस्तांनी मान हलवून जोरात नकार दिला. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, असे मला वाटते, पण त्या वेळी मी ते बोलले नाही. निघताना त्यांनी तिला एक जुना ओक्लावा भेट दिला.

विमानतळावर तपासनीसाने तो हातसामानातून काढून वर धरला आणि प्रश्नार्थक पाहिले. ताईने हवेत पोळी लाटून दाखवली. तो हसला, पण लाटणे विमानाच्या पोटातल्या सामानातच जाईल म्हणाला. मग आम्ही बॅग उघडून ते भेंडीच्या माळांबरोबर साडीत गुंडाळून आत टाकले.

दिवाळीच्या चार दिवस आधी ताईने चिरोट्यांसाठी ओक्लावा काढला. आपले लाटणे मधे फुगीर असते आणि हा टोकापासून टोकापर्यंत सरळ, म्हणून जोर कुठे द्यायचा तेच हाताला कळेना. पहिल्या तीन पोळ्या फाटल्या. चौथी तिने उजेडात धरली, तिच्यातून स्वयंपाकघराची खिडकी दिसली, आणि मग तिने मला सत्त्वाचा डबा आणायला सांगितले.